बर्फावरची गाडी आणि आपली लुना

सेंट पॉल, मिनेसोटा
२२ फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू मला झापलंस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. "मी माझ्या चौदाच्या आदित्यला ॲक्टिव्हा दिली की शहाणपण शिकवतोस, आणि तुझा बारा वर्षांचा ईशान बर्फात गाडी उडवतो ते चालतं?" उडवतो, खरं आहे. पण त्याआधी काय काय झालं ते ऐक.

स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मोटरसायकलसारखी सीट. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशाला सुरक्षा प्रमाणपत्राशिवाय ती चालवता येत नाही. कोर्स अकराव्या वर्षी करता येतो, पण प्रमाणपत्र लागू होतं ते बारा पूर्ण झाल्यावर. ईशान डिसेंबरात पास झाला आणि वाढदिवस फेब्रुवारीत. दोन महिने पोरगं बर्फ पडला की खिडकीला नाक लावून उभं.

आता गंमत बघ. मी नोव्हेंबर ७६ चा, म्हणून मला प्रमाणपत्र लागतच नाही! बर्फ पहिल्यांदा पाहिला तो पस्तिशीत, तरी कायदा म्हणतो, बसा काका. तू फेब्रुवारी ७७ चा. उद्या इथं राहायला आलास तर तुला परीक्षा, मला माफी. वर्गात कायम माझ्या पुढे असायचास ना, घे आता. ईशानची आई स्मिता ८० ची, तिनं निमूट ऑनलाइन कोर्स केला. सोळाच्या पुढच्यांना तेवढं पुरतं. अकरा ते पंधराच्या मुलांना मात्र ऑनलाइननंतर मैदानातही जावं लागतं.

मैदानात शिकवणारे सगळे स्वयंसेवक. आमच्या वाट्याला आलेले आजोबा फार बोलत नव्हते. उजव्या अंगठ्याखाली वेग, डाव्या हाताला ब्रेक, आणि इंजिन बंद करायचं बटण. ते बटण त्यांनी ईशानला डोळे मिटून शोधायला लावलं, एकदा नाही, दहा वेळा. जाडजूड हातमोज्यात बोटं चाचपडत होती. शिवाय एक दोरी असते, तिचं एक टोक जाकिटाला अडकवायचं. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन तिथेच बंद. मी बाजूला उभा राहून चोरून शिकत होतो.

गोठलेल्या तळ्याचं तर मला काहीच माहीत नव्हतं. पायी चालायला नवा, पारदर्शक बर्फ निदान ४ इंच हवा, स्नोमोबिलला ५ ते ७. पांढरा, भुसभुशीत असेल तर दुप्पट धरायचा. ईशाननं हे मला जेवताना ऐकवलं, वर "बाबा, शंभर टक्के सुरक्षित असा बर्फ नसतोच" हेही.

आणि कार्ड मिळालं म्हणजे रान मोकळं नाही. १८ च्या आत हेल्मेट सक्तीचं. १४ च्या आतल्या मुलानं गाडी चालवत राज्याचा किंवा काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) हायवे ओलांडायचा नाही. गेल्या शनिवारी शेजाऱ्यांच्या दोन गाड्या घेऊन आम्ही उत्तरेला गेलो, तर वाटेत नेमका काउंटीचा रस्ता आडवा. दोन्ही बाजूंना मैलभर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, चल रे, कोण बघतंय! तो उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत पलीकडे जाऊन उभा राहिला. मग मी माझी गाडी नेली, चालत परत आलो, त्याची नेली. हेल्मेटच्या काचेआडून तो हसत होता की नाही, कळलं नाही.

तेव्हा ओगलेवाडीचा रस्ता आठवला. आपण तेरा-चौदाचे, तुझ्या काकांची लुना, उतार, आणि समोर उसाची बैलगाडी. तुझ्या कोपराचा व्रण अजून असेल. घरी सांगितलं होतं, क्रिकेट खेळताना पडला. आपल्याला गाडी कोणी शिकवलीच नव्हती रे, नुसती किल्ली सापडली होती.

आदित्यचं म्हणशील तर, ॲक्टिव्हाला १८ च लागतात. १६ ची सवलत ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला. आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरगा सापडला तर पालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. तू वकिलाचा मुलगा, तुला काय सांगायचं.

ॲक्टिव्हाची किल्ली वहिनींकडे दे. तुझ्याकडे राहिली तर तूच विरघळशील, मी ओळखतो तुला. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पम्या