रिबटल लिहायला बसण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परिषदेला पाठवलेल्या तुझ्या पेपरवरचे तिन्ही रिव्ह्यू नीट वाचले. आता त्यांना लेखी उत्तर, म्हणजे रिबटल, लिहायचंय. दुसऱ्या रिव्ह्यूअरने 'नॉव्हेल्टी कमी', म्हणजे नवं फारसं काही नाही, एवढ्या एका वाक्यात पेपर निकालात काढला, याचा तुला आलेला संताप अगदी रास्त आहे. पण रात्रभर त्याच्याशीच भांडत बसू नकोस. तो गुण वाढवेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्याकडे बघ. गुण काठावरचे दिलेत, पण 'तक्ता २ मधला फरक सीड बदलल्यावर टिकतो का?' असं विचारलंय (सीड म्हणजे प्रयोगातली यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा). म्हणजे याने पेपर खरोखर वाचलाय! आधी त्याचं काम कर. पाच सीडवर प्रयोग चालव, सरासरी आणि प्रमाण विचलन दे. पहिल्याच ओळीत 'हो, टिकतो' आणि आकडे, कारणमीमांसा नंतर. आकडे उलटे आले तर तेही तसेच लिही आणि दावा तेवढा आवर. आभारप्रदर्शन एका ओळीत उरक, अक्षरमर्यादा फार लवकर संपते.

दुसऱ्यालाही उत्तर दे, पण ते एरिया चेअरसाठी, म्हणजे रिव्ह्यू पाहून निकालाची शिफारस करणाऱ्यासाठी, लिही. त्याच्याकडे पेपरांचा ढीग असतो, तुझी बाजू त्याला बहुतेक या उत्तरांतूनच कळणार. 'आधीच्या पद्धतीला डेटावर माणसांनी लावलेली लेबल लागतात, आमच्या पद्धतीला लागत नाहीत. परिणाम तक्ता ४ मध्ये' एवढं पुरे. 'रिव्ह्यूअरने पेपर वाचलेला नाही' हे वाक्य मसुद्यातून आजच काढ.

आणि नाकारला गेला तर? २०१४ साली न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेने, म्हणजे तेव्हाच्या निप्सने, १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले होते. जवळपास चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर दोघींचे निकाल वेगळे आले. एकीने स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले! २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिलं, चित्र फारसं बदललं नव्हतं. शब्द आकड्यांच्या रूपात मांडणाऱ्या वर्ड-टू-व्हेक पद्धतीचा पहिला पेपर २०१३ च्या आयसीएलआर या दुसऱ्या परिषदेने मुख्य कार्यक्रमात घेतला नाही. त्याच वर्षी न्यूरिप्समध्ये आलेल्या पुढच्या पेपरला २०२३ मध्ये 'टेस्ट ऑफ टाइम' पुरस्कार मिळाला. तुझं काम चांगलं आहे, हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. तुझा अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे पद्धतीतला एकेक घटक काढून काय बिघडतं ते तपासण्याचा, भाग मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला दिलाय.

सीडचे प्रयोग आज रात्रीच लाव, जीपीयू कमी पडले तर आमच्या लॅबमधले दोन घे. गुरुवारपर्यंत मसुदा पाठव. पेपर बाजूला ठेवून, एरिया चेअर वाचेल तसा नुसता रिबटल वाचतो आणि कुठे अडलो ते कळवतो.

तुझाच,
मित्र