पेन ड्राइव्ह लगेच फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि आमच्या नागपूरच्या महाल भागात जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेणारे दिसू लागले. बरंच झालं, चालू मशीन भंगारात कशाला घालायची? पण सोबत एक तक्रारही आली : लिनक्सवर पेन ड्राइव्ह कधी उघडतो, कधी उघडत नाही. माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. ‘‘भाऊ, याच्यातलं काहीच दिसून नाही राहिलं,’’ म्हणत गिऱ्हाईक येतं आणि बाजूला उभा असलेला कोणीतरी लगेच सांगतो, ‘‘फॉरमॅट मारून टाका.’’ या सल्ल्यापायी लोकांचे प्रबंध अन् लग्नाचे फोटो जातात, म्हणून हे पत्र.

बहुतेक वेळा ड्राइव्ह धडधाकट असतो. विंडोजवर काम झालं की लोक तो तसाच ओढून काढतात. एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइली ठेवायच्या पद्धतीचा) ड्राइव्ह असेल तर त्यावर ‘नीट बंद झालेला नाही’ अशी खूण राहून जाते. ती दिसली की लिनक्स एक तर ड्राइव्ह माउंटच करत नाही (म्हणजे वापरायला जोडून घेत नाही), नाही तर फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. विंडोज ८ पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ यात भर घालतं. शटडाउन केलेली मशीन पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि तिला लावून ठेवलेली हार्ड डिस्क पुढे लिनक्सवर अडते. असा ड्राइव्ह परत विंडोजला लावावा, चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवावी आणि इजेक्ट करूनच, म्हणजे मशीनला आधी सांगूनच, काढावा. जबरदस्तीनं माउंट करायच्या कमांड नेटवर भरपूर सापडतात. गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर मी त्या चालवत नाही.

लिनक्सवरही इजेक्ट लागतंच. कॉपीची पट्टी भरली तरी थोडा मजकूर रॅममध्येच असतो, मागाहून ड्राइव्हवर उतरतो. दिवा लुकलुकत असताना ओढला की फाइल अर्धी.

कधी दोष पोर्टचा असतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात आपल्याकडची धूळ बसते, आतली वायरही ढिली होते. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअरच मिळायचे, त्यावर बाहेरची हार्ड डिस्क धड फिरत नाही. ती मागच्या पोर्टाला लावून पाहावी. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘सुडो’ (sudo) लिहून पुढे डी-एम-ई-एस-जी (dmesg) ही अक्षरं टाकली, की ड्राइव्ह लावल्यावर काय झालं ते शेवटच्या ओळींत दिसतं. तिथे ‘एरर -७१’ असेल तर आधी केबल आणि पोर्ट बदला, फाइलींच्या वाटेला जाऊ नका.

एका ओळखीच्या शाळेत तर मशीनच सुरू होईना. बसवून देणाऱ्यानं बॅकअपची डिस्क एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीत) ‘एसडीबी१’ या नावानं लिहिली होती. हे नाव कायमचं नसतं, दुसरा पेन ड्राइव्ह आधी लागला की बदलतं. एके दिवशी ती डिस्क कपाटातच राहिली आणि लिनक्स तिची वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या अर्धवट अवस्थेत) गेला. डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिला आणि पुढे ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे चल) जोडलं, काम झालं. पण तोवर बाईंनी निकालपत्रकं हातानं लिहायला घेतली होती.

लिनक्स टाकून देणारे पैसे घेतात आणि निघून जातात. पेन ड्राइव्ह कसा काढायचा हेही सांगत नाहीत. ते त्यांनी सांगावंच. हिंगणा रोडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या पोरांनीही महाल-इतवारीच्या शाळांत आणि दुकानांत एखादी संध्याकाळ द्यावी. जागा आणि दोन जुन्या मशीन मी देतो, फक्त परीक्षांचे दिवस सोडून या. तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक,
महाल, नागपूर