काका, तुम्ही बोअरचं पाणी पण तपासलंत म्हणून

काका, नमस्कार.

तुम्हाला फोनवर दोनदा थँक्यू म्हटलं आणि दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, मासं कसं हाईत ते सांग" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता लिहूनच काढतोय. आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितोय, कारण आपल्या कोल्हापुरात बोअरच्या पाण्यावर फिश टँक चालवणारी घरं कमी नाहीत आणि आमच्यासारखीच कुणाची तरी आत्ता धावपळ चालू असणार.

आमचा टँक अडीच फुटी, साधारण शंभर लिटरचा, त्यात चार गोल्डफिश. पोरानं नावं ठेवलेली, तांबडा, पांढरा, काळा आणि छोटी. दोन वर्षं काही त्रास नव्हता. मार्चपासनं नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही कमी यायला लागलं तसं आम्ही वापराला पूर्ण बोअरवर गेलो, टँकलाही तेच पाणी घालायला लागलो. आणि तिथनं पुढं बिघडत गेलं पण ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

आधी काळा गेला. मग पांढरा तळाला बसायला लागला, पंख अंगाला चिकटवून, आणि त्याच्या शेपटीत बारीक लाल रेषा दिसायला लागल्या. पांढरा मासा असल्यामुळं त्या लगेच नजरेत भरायच्या, कुणी लाल पेननं ओढल्यासारख्या. एका दुकानात फोटो दाखवला, त्यांनी निळं औषध दिलं, फरक नाही म्हटल्यावर पिवळी पावडर दिली, ती पण झाली. पाणी खराब झालं असेल म्हणून मी एक दिवसाआड अर्धं पाणी बदलायला लागलो, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळून पिळून धुतला, दगड उकळले. जेवढं जास्त करत गेलो तेवढे मासे जास्त खचत गेले. पोरगं शाळेतनं आल्या आल्या दप्तर न काढता टँकसमोर जाऊन उभं राहायचं, ते बघवत नव्हतं.

आईनं कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना तुमच्याकडं सहज विषय काढला आणि तुम्ही त्याच संध्याकाळी आलात, हे मला अजून खरं वाटत नाही. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या टेस्ट ट्यूब आणि थेंबाच्या बाटल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेला माणूस म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. तुम्ही आल्या आल्या औषधाचं नाव काढलं नाही. टँकची लाईट बंद करायला लावलीत, खुर्ची ओढून दहा मिनिटं नुसते बघत बसलात, मग विचारलंत की खायला कोण कोण घालतं. तेव्हा कळलं की आई सकाळी घालते, मी ऑफिसला जाताना घालतो, आणि पोरगं संध्याकाळी दोनदा घालतं.

मग टेस्ट. अमोनियाची ट्यूब हिरवी झाली, नायट्राइटची जांभळी, आणि नायट्रेटची म्हणजे गडद लाल, तक्त्यावरचा शेवटचा रंग, १६० पीपीएम, म्हणजे लिटरला १६० मिलिग्रॅम. नायट्रेटच्या टेस्टची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकायचे नाहीत, नाहीतर रीडिंग कमी येतं, हे तुम्ही पोराला सांगितलंत आणि बाटली त्याच्याच हातात दिलीत. तुम्ही त्याला समजावलेलं मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. माशाची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मात्र पाण्यातच साठत राहतं, ते पाणी बदलून किंवा झाडांनी शोषूनच कमी होतं. म्हणजे स्पंज पांढरा करताना मी ते सगळे जिवाणूच गटारीत सोडलेले, वर औषधांनी उरलेसुरले मारलेले. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं, पीएच आठच्या वर, आणि तसल्या पाण्यात अमोनिया माशाला जास्तच बाधतो.

पण काका, हे सगळं अजून कुणीतरी सांगितलं असतं. तुम्ही त्यानंतर जे केलंत ते कुणीच केलं नसतं. तुम्ही म्हणालात, "आता बदलायला जे पाणी घेतोस ते एक पेला दे." मला वाटलं हात धुवायला पाहिजे असेल. तुम्ही तेच पाणी ट्यूबमध्ये घेतलंत, थेंब टाकलेत, पाच मिनिटं थांबलात, आणि ट्यूब गॅलरीत उजेडाला धरून तक्त्याशेजारी लावलीत. लाल. ८० च्या आसपास. तुम्ही एवढंच म्हणालात, "हे तर बाहेरनंच येतंय की रे."

मग वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून दाखवलात. टँकमध्ये १६०, बदलायचं पाणी ८०. अर्धं बदललं की १२०, परत अर्धं बदललं की १००, मग ९०, पण ८० च्या खाली जन्मात जाणार नाही, वर माशांचं रोजचं नायट्रेट चालूच. दोन महिने मी बादल्या उचलतोय आणि त्या बादलीतनंच ते आत ओततोय! पुढच्या शेतात ऊस आहे, मागं संडासची सेप्टिक टाकी आहे, दोन्ही बोअरपासनं लांब नाहीत, आणि तुम्ही खिडकीतनं बघूनच ते ओळखलंत. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, पिकानं घेतला तेवढा घेतला, उरलेल्यातला बराचसा नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो, असं तुम्ही सांगितलंत. रंकाळ्यावर जलपर्णी माजलेली आपण सगळ्यांनी बघितलीय, ती पण असल्याच पाण्यातल्या खतावर माजते.

आणि तेवढ्यात आत बाळ रडलं.

माझी बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ तेव्हा दोन महिन्यांचं. तुम्ही ट्यूब खाली ठेवलीत आणि आईला विचारलंत, "वहिनी, बाळाला वरचं दूध देताय काय? पावडर कसल्या पाण्यात कालवता?" आई म्हणाली नळाचं असलं की नळाचं, नसलं की बोअरचं, पण गाळून आणि चांगलं उकळून. तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, उलट पाणी आटलं की ते अजून दाट होतं, आणि साध्या फिल्टरनंही ते जात नाही, आरओ लागतो. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं आणि बाळ निळसर पडू शकतं. नायट्राइटनं माशाचं रक्त तपकिरी होतं तोच हा प्रकार. माशांचं बघायला आलेला माणूस आमच्या बाळाचं बघून गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, बाळ ठणठणीत आहे, काका. बोअरचं पाणी त्या संध्याकाळपासनं बंद. नंतर तुम्ही सांगितल्याप्रमाणं लॅबमध्ये नमुना दिला, रिपोर्ट आला लिटरला ७८ मिलिग्रॅम नायट्रेट, पिण्याच्या पाण्याला मर्यादा ४५ ची. शेजारच्या सहा घरांना रिपोर्टची झेरॉक्स दिलीय, त्यातल्या एका घरात पण लहान बाळ आहे.

टँकचं तुम्ही सांगितलेलं सगळं तसंच्या तसं केलं. औषधं बंद, दोन दिवस खाणं बंद, शंभर लिटरला शंभर ग्रॅम जाडं मीठ मगात विरघळवून थोडं थोडं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातनं आत शिरू देत नाही. एअर पंप जोडीला अजून एक. आणि नळाचं पाणी रोज एकच बादली, पंधरा लिटर, रात्रभर हवा सोडून आणि हायपोचा, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचा, खडा टाकून, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. मी तर एकदम सगळं पाणी बदलायला निघालेलो. तुम्हीच अडवलंत, दोन महिने जड पाण्यात राहिलेला मासा एकदम हलक्या पाण्यात गेला की त्या धक्क्यानंच जातो म्हणून.

आणि तो स्पंज! तुम्ही स्वतःच्या टँकमधला काळपट स्पंज डब्यात घालून आणलात आणि आमच्या फिल्टरमध्ये पिळलात, पाणी पार गढूळ. आई नको नको म्हणायला लागली तर तुम्ही म्हणालात, "वहिनी, घाण न्हवं ही, विरजण हाय." आई एका शब्दात गप्प. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते.

छोटी दुसऱ्या रात्री गेली. तुम्ही पोराला फोनवर खोटं काही सांगितलं नाहीत, ती आधीच फार थकलेली, आपल्याला उशीर झाला, असंच सांगितलंत, आणि तो रडत असताना फोन ठेवला नाहीत. ह्याबद्दल वेगळे आभार, काका. मला ते जमलं नसतं.

नवव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट शून्य. पंधरा दिवसांत नायट्रेट ४०, महिन्यात २०. काकूंनी दिलेल्या मनीप्लांटच्या फांद्या टँकच्या काठावर अडकवल्यात, मुळं वीतभर खाली उतरलीत आणि दर आठवड्याला नवीन पान येतं. पांढऱ्याच्या शेपटीतल्या लाल रेषा आधी टोकाकडनं फिकट झाल्या, मग बुडाशी, आता फक्त एका कोपऱ्यात खाच राहिलीय, तिथं पारदर्शक नवीन पापुद्रा धरतोय. तांबडा तर काचेला तोंड लावून खाणं मागतो, पण दिवसातनं एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि सोमवारी दोघांचाही उपवास. खाण्याचा डबा आता पोराच्या ताब्यात आहे, आजीला पण विचारल्याशिवाय हात लावू देत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचे पण नाही, नुसता बिनसाखरेचा चहा घेतलात. तुमची एक टेस्ट ट्यूब आमच्याकडं राहिलीय. पोरानं ती धुऊन, कापसात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलीय, आणि रविवारी ती तो स्वतः तुमच्याकडं घेऊन येणार आहे, सोबत रीडिंगची वही. वहीत नळाच्या पाण्याचा पण वेगळा रकाना आहे.

तुमचा,
अडीच फुटी टँकवाला