अडकित्ता माळ्यावर ठेवून द्या

ऐरोली, नवी मुंबई
१२ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं की आई "जेवलास का" विचारते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन पडवीत जाऊन बसतात. म्हणून लिहूनच काढतोय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, मधल्या आकड्यांवर पेन्सिल फिरवावीशी वाटली तर जरूर फिरवा.

गेल्या रविवारी तुमच्या सुनेने शिमग्याला आणलेली आमसुलांची पिशवी सोडली. कुळथाचं पीठ आधीच संपलं होतं, आमसुलं तशीच राहिली होती. तळाशी लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट निघालं, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. आत पाचशेच्या चोवीस नोटा. बारा हजार. नोटांना आमसुलांचा वास लागला होता आणि दोन-तीन नोटांच्या कडा लालसर झाल्या होत्या. चिठ्ठी नव्हती. ती लागलीही नाही. मी दर महिन्याला आठ हजार पाठवतो. त्यातले तीन हजार तुम्ही डिसेंबरपासून बाजूला काढलेत, चार महिने, हे आम्ही तिथेच ओट्याशी उभ्या उभ्या मोजलं.

मग मला अडकित्ता आठवला. शिमग्याला आलो तेव्हा देवळीत दिसला होता. बाबांनी सुपारी सोडून आठ वर्षं झाली, तरी पात्यावर पांढरी भुकटी होती. रांगोळी असेल म्हणून मी सोडून दिलं. पाकीट सापडलं त्या रात्री वहिनीला फोन केला. आधी तिने टाळलं, मग सांगितलं की काकी गोळ्या अडकित्त्याने अर्ध्या करते आणि दोघं अर्धी-अर्धी घेतात. एक पाकीट दोन महिने पुरतं म्हणे.

आई, मला रात्रभर झोप लागली नाही.

माझी नोकरी नोव्हेंबरच्या शेवटी गेली. तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं. कंपनीने आमचं पूर्ण प्रोजेक्टच बंद केलं, एकवीस जणांना एका दिवसात घरी पाठवलं. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला. पण आई, तुला डिसेंबरातच कळलं होतं ना? वहिनी म्हणाली, "काकीनं ओळखलंन, पोरगा सकाळी अकराला फोन करायला लागला तेव्हाच." कामाच्या दिवशी अकराला मी तुला कधीच फोन करत नसे. त्या दिवसांत मुलं शाळेत, ही बालवाडीत कामाला, आणि घरात कोणीच नसायचं, म्हणून करत होतो.

आता आमचा हिशेब उघड करतो. बाबा, तुम्ही किसननगरच्या खोलीत कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करायचात तसाच.

फेब्रुवारीपासून महापे एमआयडीसीत नवीन काम लागलं आहे. आधी हातात एक लाख दहा हजार यायचे, आता बहात्तर हजार येतात. हिचे बालवाडीचे चौदा हजार. म्हणजे शहाऐंशी. त्यातून घराचा हप्ता ३२,०००, दोघांच्या शाळेचे ११,०००, किराणा-दूध-भाजी-औषधपाणी मिळून १९,०००, सोसायटी, वीज, गॅस आणि फोन ७,५००, येण्याजाण्याचे २,०००, विम्यासाठी बाजूला ३,००० आणि तुमचे ८,०००. बेरीज साडेब्याऐंशी हजार. साडेतीन हजार उरतात. थोडे आहेत, पण उरतात. तुमचे आठ हजार धरूनच उरतात, हे पुन्हा एकदा वाचा.

गाडी जानेवारीत विकली. मुलांना सर्व्हिसिंगला टाकली म्हणून सांगितलं होतं, नंतर खरं सांगितलं. हप्ता, पेट्रोल, पार्किंग, विमा धरून महिन्याला सतरा हजार जात होते. एवढ्यासाठीच आम्ही शिमग्याला एसटीने आलो, "घाटात गर्दी असते" ते काही खरं नव्हतं. आता मी ऐरोलीहून लोकलने घणसोलीला उतरतो आणि पुढे बसने जातो. पाऊण तास लागतो. चालणं होतं, पोटही उतरलंय.

घराच्या कर्जाचं तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण बाबा, तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात की फ्लोटिंग व्याजदर म्हणजे सावकाराच्या मर्जीवर बदलणारा. कर्ज २०२१ मध्ये घेतलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बाकीच्या बँकांना उधार देते तो दर, ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोहोचला. आमच्या बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. हप्ता वाढला नाही म्हणून मी निर्धास्त होतो. नोकरी गेल्यावर पहिल्यांदा खात्याचा उतारा ओळ न् ओळ वाचला, तेव्हा कळलं की मधली दोन वर्षं जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच गेलाय. मुद्दल हललंच नव्हतं. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने सव्वा टक्क्याने उतरला, डिसेंबरात सव्वापाचवर आला. तरी माझा दर ८.६ होता आणि तीच बँक नव्या गिऱ्हाइकाला ८ ने देत होती. शाखेत जाऊन तोंडाने विचारलं. एक फॉर्म, थोडी फी, आणि दर ८ वर आला. हप्ता तोच ठेवायला सांगितला, त्यामुळे मुदत अडीच वर्षांनी कमी झाली. अडीच वर्षांचे हप्ते म्हणजे साडेनऊ लाखांच्या वर, बाबा. आणि मी दोन वर्षं चहापत्तीचा ब्रँड बदलून पैसे वाचवायला बघत होतो. विचारायची लाज वाटून घेतली नसती तर हे आधीच झालं असतं.

बाकीचं बारीकसारीक आहे. बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा. मोठ्याचं पोहणं बंद केलं, तो दोन दिवस बोलला नाही, मग खाली मुलांबरोबर क्रिकेट खेळायला लागला. छोटीचं कथक चालू आहे, ते बंद करणार नाही. दूध कमी केलेलं नाही. कामाच्या मावशींना येऊ नका सांगावं का, यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणत होतो की भांडी आपण घासू. हिने ऐकलं नाही. त्या मावशींचं दिघ्याचं भाडं आपल्या आणि आणखी दोन घरांवर चालतं, आपल्या तंगीत त्यांचा पगार ओढायचा नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. तिचं बरोबर होतं.

कांद्याचं मात्र सांगतो, आईला आवडेल. बिल्डिंगमधली आम्ही पाच घरं मिळून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून पन्नास किलोची गोणी आणतो. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये पोतं पसरायचं, ओले आणि कोंब आलेले आधी बाजूला, मग उरलेल्यांचे ताणकाट्यावर पाच सारखे वाटे. बाजूला काढलेले सगळ्यांनी वाटून घ्यायचे आणि त्या आठवड्यातच संपवायचे. ताणकाटा चौथ्या मजल्यावरच्या आजींचा आहे, त्या स्वतः खुर्ची टाकून बसतात आणि कोणाला अर्धा कांदा जास्त जाऊ देत नाहीत. तुझी आठवण येते त्यांना बघून. वाणी, दूध, भाडं, शाळा असे तुझे चार डबे होते. शाळेच्या डब्यातले पैसे वाण्याला द्यायची वेळ आली तर तू तसं खडूने डब्यावर लिहायचीस, "वाणी देणे १२". आणि ते परत टाकायचीस.

म्हणूनच मला हे कळत नाही, की तीच आई औषधाच्या डब्यात हात कसा घालते?

१९९६ मध्ये वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद झाली. मी सातवीत होतो. त्या वर्षी आपल्या चाळीतले किती बाबा सकाळी डबा घेऊन निघायचे आणि मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून संध्याकाळी परत यायचे, हे आता कळतं. तू फॉल-बिडिंग करायचीस, रात्री दिव्याखाली सुई ओवायला मला बसवायचीस. पण आजोबांना पाठवायची मनीऑर्डर एक महिना चुकली नाही. दोनशे रुपये. त्या पावत्या बाबांनी तारेला टोचून ठेवल्या होत्या, मी पाहिल्यात. घरी वरण पातळ झालं तरी ती गेली.

आणि बाबा, त्याचं पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांना कोणीतरी सांगितलं की मुलाची कंपनी बंद पडली. त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. "दिसतंय की मला" म्हणत राहिले. मोतीबिंदू पिकला, डोळ्यातला दाब वाढला आणि उजवा डोळा कायमचा गेला. तुम्ही आजही पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला की तीच गोष्ट काढता, "मला सांगितलं असतं तर मी कुठूनही आणले असते." तुम्ही पाठवलेले पैसे त्यांनी पोस्टात ठेवले होते, तुमच्याच नावाने. आता मी तुमच्या जागी आहे आणि तुम्ही आजोबांच्या. मला ते वाक्य पुढची तीस वर्षं म्हणायला लावू नका.

औषधांचं. वहिनीने पाकिटांचे फोटो पाठवले, ते इथल्या डॉक्टरांना दाखवले. साखरेच्या गोळीवर नावापुढे "एसआर" लिहिलंय बघा. ती पोटात हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. कापली की औषध एकदम सुटतं आणि संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. ती कधीच कापायची नसते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन अर्धी घेतली तर दाब हवा तितका उतरेलच असं नाही, आणि वर राहिलेला दाब काय करतो ते आपण मधल्या आळीच्या तात्यांकडे पाहिलंय. तीन वर्षं अंथरुणात. आई, तू त्यांना भरवायला जायचीस.

आणि हे करायची गरजच नव्हती. तीच औषधं, त्याच ताकदीची, मी इथल्या जनऔषधी केंद्रातून घेतली. दोघांचं महिन्याचं बिल चोवीसशेच्या आसपास होतं, ते साडेपाचशेवर आलं. वेष्टण साधं आहे, नाव मोठ्या कंपनीचं नाही, आतलं औषध तेच. डॉक्टरांनी प्रत्येक पाकीट बघून होकार दिला. तीन महिन्यांचं खोकं कुरिअरने निघालंय. प्रत्येक पाकिटावर हिने मोठ्या अक्षरात "सकाळ", "रात्र" लिहिलंय. देवरुखच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या आणि किती दिवस अर्ध्या घेतल्या तेही त्यांना खरं सांगा. लपवलंत तर ते दाब बघून उगाच डोस वाढवतील.

देवरुखला जायचं भाडं हे कारण चालणार नाही. बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली, एसटी फुकट आहे, आधार कार्ड दाखवायचं. आईला अर्धं तिकीट. बाबा, फुकट बसायला तुम्हाला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. तुम्ही आयुष्यभर एसटीला पूर्ण भाडं दिलंय.

एक मात्र खरंच गेलं आहे. जुन्या कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं होतात, नोकरीबरोबर तो संपला. नव्या ठिकाणी फक्त बायको-मुलं धरतात. म्हणून सरकारचं आरोग्य विम्याचं वय वंदना कार्ड लगेच काढायचं आहे. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना ते मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही. यादीतल्या रुग्णालयात घरटी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट होतात. आधार लागतं आणि अंगठा नाहीतर ओटीपी. आईच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलाय, तो आधी बदलावा लागेल. वहिनीचा मोठा मुलगा तुम्हाला केंद्रावर घेऊन जाणार आहे, त्याच्याशी बोललोय.

बारा हजार मी परत पाठवत नाही. खर्चणारही नाही. पोस्टात तुमच्या दोघांच्या नावाने खातं आहे त्यात टाकतो, बाबांच्या डोळ्यांची तपासणी आणि आईच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यातून. तिच्या गुडघ्याचंही वहिनीनेच सांगितलं. पेन्शनचे अठराशे आणि माझे आठ हजार, यात काय पुरत नाही ते मला कागदावर लिहून पाठवा. माझा हिशेब मी दिला, आता तुमचा द्या. काही कमी पडत असेल तर आपण बसून ठरवू काय काढायचं, पण एकमेकांना न सांगता कोणी काही काढायचं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन येतो. दिवा-सावंतवाडी गाडी पकडू, संगमेश्वरला उतरू. छोटीला फणसाची भाजी तुझ्या हातचीच हवी आहे. अडकित्ता तोवर माळ्यावर ठेवून द्या. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, देवळीत एका डब्यात टाकत जा. आल्यावर मी मोजणार आहे.

तुमचा
बाळा