शेवटच्या नळाचं पाणी

२८ जून
ता. खटाव

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "सरपंच म्हणजे दिवसभर करतेस तरी काय गं? सह्याच ना?" तेव्हा नुकतंच पाणी सुटलं होतं, नळावर बायकांचा गलका चालला होता, म्हणून "सविस्तर लिहिते" म्हणून फोन ठेवला. आज जरा सवड आहे. भाऊसाहेबांकडं दोन गावं आहेत, ते आज दुसऱ्या गावाला गेलेत. (सरकारी कागदावर ते आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेत, पण गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवक आणि भाऊसाहेबच.) बाहेर भुरभुर चालू आहे. शिपाईदादा पावतीपुस्तकं लावत बसलेत आणि मी तुला लिहायला बसलेय.

सह्या असतात गं, नाही कशाला म्हणू. पण माझा दिवस सहीनं उजाडत नाही, पाण्यानं उजाडतो. आमची टाकी शाळेमागच्या माळावर आहे, पन्नास हजार लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), म्हणजे एका भरण्याला अडीचशे ग्रॅम. आमचे पाणीवाले काका ती पावडर तशीच टाकीत ओतत नाहीत. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवतात, मग बादली भरून ढवळतात, चुना तळाला बसेपर्यंत बिडी ओढत थांबतात आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत सोडतात. त्यानंतर अर्धा तास तरी कॉक उघडायचा नाही. मला हे सगळं सरपंच झाल्यावर कळलं. त्याआधी पंधरा वर्षं मी त्याच नळाचं पाणी भरत होते आणि त्यामागं रोज पहाटे कुणीतरी माळ चढून जातं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

पावडर टाकली म्हणजे काम झालं, असं नसतं. टाकीपाशी क्लोरीन सापडतोच. तो शेवटच्या नळालाही लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. आमचा शेवटचा नळ म्हणजे ओढ्याकडची खालची वस्ती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं झालं की जीव भांड्यात पडतो.

या महिन्यात एका सकाळी ते पिवळं झालंच नाही. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले, तरी तसंच, काचेसारखं. वर जाऊन बघितलं तर टीसीएलच्या पोत्याचं तोंड उघडंच राहिलेलं. तीन रात्री दमट हवा लागून पावडरीतला क्लोरीन उडून गेला होता, राहिला होता नुसता चुना. चूक आमच्या कचेरीची होती, दुसऱ्या कुणाची नाही. देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "हे पाणी पिऊ नका, प्यायलाच लागलं तर उकळून प्या," आणि मी स्वतः खालच्या वस्तीत नळापाशी जाऊन उभी राहिले. एक बाई डोक्यावरचा हंडा खाली ठेवून म्हणाली, "खुरपायला सातला जायचं असतं. पाणी उकळू का रोजगार बघू?" काय उत्तर देणार? तिचे दोन हंडे माझ्या हातानं ओतून टाकले आणि शेजारच्या गावच्या पंचायतीकडून दहा किलो टीसीएल उसनं आणलं. नऊ वाजता पाणी परत सोडलं. तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला तो बुडालाच.

कचेरीच्या भिंतीवर एप्रिलच्या तपासणीत मिळालेलं हिरवं कार्ड लावलंय. पाण्याची व्यवस्था चांगली असली तर हिरवं, धोका असला तर पिवळं नाहीतर लाल. वर्षातून दोनदा तपासणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर. त्या कार्डाचा मला फार अभिमान होता. त्या दिवसापासून मी ते बघत नाही, रोजच्या ओटी तपासणीची वही बघते. टीसीएल आता झाकणाच्या पिंपात ठेवतो. आणि ती बाईच आता रोज सकाळी खालच्या नळावर ओटीचे थेंब टाकते आणि वहीत आपल्या अंगठ्याच्या ठशाशेजारी रंग सांगून लिहून घेते. तिला विचारल्याशिवाय काका खाली उतरत नाहीत.

बाकीचा दिवस म्हणजे बारीकसारीक. खांबावरचा दिवा गेला, गटार तुंबलं, अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर गळतंय, कुणाच्या म्हशीनं कुणाची पडवी पाडली. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली हे तर कायमचं दुखणं, आणि तिच्यावरच शिपायाचा पगार आणि दिव्यांचं बिल अडकलेलं. जलजीवनच्या पाइपलाइनसाठी ठेकेदारानं मधल्या आळीचा सिमेंटचा रस्ता फोडला आणि तसाच ठेवून गेला. पत्रावर पत्रं दिली. आता पावसात तिथं दोघं घसरून पडलेत. रस्ता फोडायला एक दिवस लागला, बुजवायला वर्ष होत आलं, याचा मला मनापासून राग आहे.

लोकांना वाटतं पैसा येतो तो सरपंचाच्या पिशवीत. वित्त आयोगाच्या पैशातला ठरलेला भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, आणि बाकीचा अबंधित. तेही आराखड्यात धरलेल्या कामालाच. पैसे द्यायचे ते संगणकावरून, माझं आणि भाऊसाहेबांचं अशी डिजिटल सहीची दोन्ही डोंगल लागल्यावर. ज्येष्ठ मंडळी रोज म्हणतात, "चौकात पेव्हर ब्लॉक टाक, गाव कसं उठून दिसंल." मला आधी खालच्या वस्तीची नाली बांधायची आहे. त्यावरून महिना झाला आमची तोंडं फिरलेली आहेत.

आता खरं सांगायचं ते सांगते.

१ मेच्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही जमली नाहीत, सभा तहकूब केली. पण आदल्या दिवशीची महिला सभा मात्र देऊळ भरून झाली होती. तिथं वरच्या आळीच्या एक काकू घराचा उतारा घेऊन आल्या. नमुना नंबर ८ चा. त्यांना विजेचं मीटर नावावर करून घ्यायचं होतं. लिहिता-वाचता येत नाही. माझ्यापुढं कागद धरून रकान्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्यात मी कुठं हाय ते दाव." त्या कुठंच नव्हत्या. मालकाच्या रकान्यात अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचं नाव, त्यांच्याखाली दिराचं. चाळीस वर्षं त्या घराला शेणानं सारवणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावर नव्हतं.

त्या रात्री मी आणि आमचा संगणक परिचालक नमुना ८ ची वही घेऊन बसलो. कापडी पाठीची, वीतभर जाड, कडा उंदरानं कुरतडलेल्या. पानामागून पान उलटत गेलो. बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही बहुतेक विधवांची नाहीतर घरकुल मिळालेल्यांची. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावावं, असा शासन निर्णय २००३ सालीच निघालाय. म्हणजे आपण सातारला डीएडला होतो तेव्हाचा! पंचायतीत ५० टक्के जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ मध्ये. बायका खुर्चीवर आल्या आणि खुर्चीपुढच्या कपाटातल्या वहीत त्यांची नावं नव्हती. हे मला झोंबलं, सुनंदा, अजून झोंबतंय.

नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे मला वकिलांनी सांगितलंय. पण मीटर, कर्ज, घरकुल, सगळीकडं पहिल्यांदा तोच मागतात. आणि भांडणात घराबाहेर काढलेल्या बाईच्या हातात तो असला तर तिला बोलायला जागा राहते.

मासिक सभेत विषय घेतला. नऊजणांत आम्ही पाच बायका. तरी एक सदस्य म्हणाले, "घराघरांत भांडणं लावायचं काम करताय." दुसरे म्हणाले, "आधी सरपंचांच्या घरापासून." ते बरोबरच होतं. आमचं घर मामंजींच्या नावावर. संध्याकाळी मी जेवताना विषय काढला. मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. हे म्हणाले, "राहू दे, आप्पा दुखावलेत." तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आप्पा धोतर-टोपी घालून, चष्मा खिशात ठेवून कचेरीत आले. अर्ज मागितला, तीनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "तुझ्या सासूचं आधी लाव. मग तुझं." सासूबाईंना उतारा नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. अजून तिथंच आहे.

त्यानंतर अर्ज यायला लागले. लग्नाला सहा महिने झालेला एक पोरगा बायकोला मोटरसायकलवर मागं बसवून आला आणि दोघांनी एकाच पेननं सह्या केल्या. काही घरांतून अजून नकारच आहे. एका घरात तर बाईच म्हणाली, "नको बाई, मारतील." तिच्याकडं मी दर आठ दिवसांनी जाते, चहा पिते आणि विषय न काढता परत येते. दुसरं काय करावं ते सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव, तू त्या महिला मंडळात इतकी वर्षं काम करतेस.

आणि ज्यांच्यामुळं हे सुरू झालं त्या काकूंचंच काम अडलंय. काका वारले तेव्हा मृत्यूची नोंदच कुणी केली नव्हती. २१ दिवसांत कळवलं असतं तर आमच्याच कचेरीत फुकट झालं असतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि दाखला नाही म्हणून वारस लागत नाही. मंगळवारी मी त्यांना घेऊन तालुक्याला जाणार आहे. त्या म्हणाल्यात, "भाकरी बांधून घेते, दोघींची."

आता गावात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी शिपाईदादांना अर्ज घेऊन त्या घरी पाठवते. लोकांना सुरुवातीला वाईट वाटायचं, आता समजतात.

सुनंदा, तुझंही एक काम आहे. डोंबिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, ते तू सांगितलंयस. पण कराडकडच्या तुझ्या सासरच्या घराचं काय? गणपतीला जाशील तेव्हा तिथल्या पंचायतीत नमुना ८ चा उतारा माग. सासूबाईंचं नाव आहे का बघ. नसलं तर तिथल्या सरपंचांचा नंबर मला दे, मी बोलते.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझी,
वंदी

ता. क. : टाकी धुवायची तारीख ५ जुलै धरलीय. त्या दिवशी सकाळी फोन करू नकोस, मी माळावर असेन.