आपोआप रिव्ह्यूसाठी माणसाचे खाते वापरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंदूरच्या विजयनगर, पलासिया भागातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत आपली बरीच मराठी मुले काम करतात, म्हणून हे मराठीतून लिहीत आहे. कोड तपासून मर्ज रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) आपोआप कॉमेंट टाकणारी पाइपलाइन, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, अशा ठिकाणी बहुधा एखाद्या सीनियरच्या वैयक्तिक टोकनवर (पासवर्डसारख्या गुप्त किल्लीवर) चालते. तो नोकरी सोडतो, खाते बंद होते आणि कॉमेंट थांबतात. पण खरा धोका तो नाही.

ज्याला ब्रँच (कोडची वेगळी शाखा) पुश करता, म्हणजे सर्व्हरवर चढवता येते, त्याला त्या ब्रँचमधली पाइपलाइनची फाइलही बदलता येते. म्हणजे पाइपलाइनला मिळणारे टोकन त्यालाही वाचता येते. गिटलॅब या कोड ठेवण्याच्या प्रणालीत टोकन ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात ते ‘मास्क्ड’ केले की लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) ते झाकले जाते, एवढेच. बेस६४ या दुसऱ्या अक्षररूपात बदलून छापले तर उघडे पडते. टोकन मेंटेनरचे (प्रोजेक्टच्या सेटिंग्जही बदलू शकणाऱ्याचे) असेल, तर काल रुजू झालेल्या ट्रेनीच्या हातीही मेंटेनरचे अधिकार गेले. यासाठी या कामाला वेगळे सर्व्हिस अकाउंट (माणसाचे नव्हे, यंत्रासाठीचे खाते) हवे, आणि त्याचे अधिकार इतके कमी हवेत की टोकन फुटले तरी फार नुकसान होऊ नये.

स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब असेल, तर प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेस टोकन तयार करावे. त्याबरोबर बॉट युझर आपोआप तयार होतो. रोल, म्हणजे अधिकाराची पातळी, ‘रिपोर्टर’ पुरे. ‘डेव्हलपर’ दिला तर तो पुशही करू शकतो. स्कोप (टोकनने काय करता येईल त्याची मर्यादा) मात्र ‘एपीआय’च लागतो, कारण केवळ वाचण्याच्या स्कोपवर कॉमेंट टाकता येत नाही. टोकन संपण्याची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाकावी. मुदत संपली की ४०१ (ओळख न पटल्याची चूक) येतो, आणि पाइपलाइन ती चूक गिळत असेल तर कॉमेंट बंद पडल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे हमखास फसायला होते ते ‘प्रोटेक्टेड’च्या खुणेवर. ती केली की व्हेरिएबल फक्त प्रोटेक्टेड (मुख्य ब्रँचसारख्या, राखून ठेवलेल्या) ब्रँचला मिळते. फीचर ब्रँचच्या (नव्या कामासाठी काढलेल्या ब्रँचच्या) पाइपलाइनला ते रिकामे दिसते आणि तिथेही ४०१च येतो. मग वैतागून कुणीतरी ॲडमिनचे टोकन चिकटवतो. तसे करू नये. खूण काढावी आणि रोल लहानच ठेवावा.

गिटहब या अशाच दुसऱ्या प्रणालीवर यासाठी गिटहब ॲप करावे. ‘पुल रिक्वेस्ट्स’ला (मर्ज रिक्वेस्टचे तिथले नाव) वाचन-लेखन, ‘कंटेंट्स’ला, म्हणजे कोडला, फक्त वाचन. त्याचे कामासाठी मिळणारे इन्स्टॉलेशन टोकन एका तासात संपते, ही मोठीच सोय. ॲपची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) मात्र तितकीच जपावी लागते, कारण नवी टोकने तिच्यातूनच निघतात.

कॉमेंट कशा टाकायच्या हेही ठरवावे. गिटहबवर प्रत्येक ओळीसाठी वेगळी रिक्वेस्ट पाठवण्याऐवजी एकाच रिव्ह्यूत सगळ्या कॉमेंट द्याव्यात. ओळ डिफमध्ये (दाखवलेल्या बदलांत) नसेल तर ४२२ ही चूक येते, तेव्हा पाठवण्याआधी तपासावे. प्रत्येक पुशनंतर तीच कॉमेंट पुन्हा पडू लागली की मुले वाचणेच सोडतात. कॉमेंटमध्ये न दिसणारी एचटीएमएल खूण ठेवावी आणि पुढच्या वेळी ती शोधून जुनीच कॉमेंट बदलावी.

बॉटला मंजुरीचा अधिकार कधीही देऊ नये. मर्जला मान्यता देणारे नाव माणसाचेच असले पाहिजे.

आपला,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर