कार्पेटबॅगर म्हणजे सगळे लुटारू?

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन यादवी युद्धानंतरचा लेख वाचला. छान आहे, पण एक गोष्ट खटकली. युद्धानंतर उत्तरेकडून दक्षिणेत जे कोणी राहायला गेले त्यांना सरसकट कार्पेटबॅगर म्हणून लुटारूच ठरवून टाकलंय, म्हणजे गालिच्याच्या कापडाची बॅग घेऊन आले आणि हरलेल्या दक्षिणेला लुबाडून मोकळे झाले. असे लोक होते, नाही कोण म्हणतंय?

पण दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातलं चॅटनुगा हे गाव बघा. 1868 ला तिथल्या पेपरात चक्क जाहिरात आली होती, कार्पेटबॅगर पाहिजेत, कितीही चालतील, भांडवल, डोकं आणि मनगटात जोर असणाऱ्यांनी आधी या! आणि तोवर आलेल्यांत होता कोण तर जॉन वाइल्डर, उत्तरेच्या फौजेचा अधिकारी, ज्याने ऑगस्ट 1863 मध्ये ह्याच गावावर नदीपलीकडून तोफा डागल्या होत्या. त्याच भागात 1867 ला पार्टनर घेऊन त्याने रोन आयर्न कंपनी काढली, आसपासच्या डोंगरात लोखंड आणि कोळसा दोन्ही होतं ना, आणि 1871 ला गावाने त्यालाच मेयर केलं. पैसे कमवायलाच आला होता, समाजसेवेला नाही, पण लुटून पळाला असंही नाही. 1917 ला फ्लोरिडात वारला, तरी दफन चॅटनुगातच झालं.

आता कोणी म्हणेल पूर्व टेनेसीत आधीपासूनच उत्तरेच्या बाजूचे लोक भरपूर होते, सगळी दक्षिण अशी नव्हती. मान्य.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. गावात नवीन आलेल्यांत सुटलेले गुलामही होते की! युद्ध चालू असतानाच मळे सोडून ते उत्तरेच्या फौजेच्या आसऱ्याला आले, नदीच्या उत्तर काठावर त्यांची छावणी पडली आणि मग बरेचजण तिथलेच झाले. 1870 च्या शिरगणतीत गावच्या सहा हजार वस्तीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काळे लोक होते, 1860 ला सगळं गाव मिळून अडीच हजारांचं होतं. पुढे ह्या काळ्या लोकांतले काही नगरपालिकेतही निवडून आले, मग 1890 च्या सुमाराला टेनेसीत मत द्यायला पोल टॅक्स म्हणजे माणशी कर भरायची अट आली आणि गरिबाचं, त्यातही काळ्यांचं, मत गेलं. लेखात ह्यांच्यावर एक ओळ नाही, बॅगवाल्यांवर मात्र अर्धं पान. लेखमाला पुढे चालू राहणार असेल तर लेखकांना एवढं जरूर कळवा.

एक वाचक, सांगली